झऱ्यावरचा दगड

आमच्या ह्यांना भिंती ठोकून बघायची सवय होती. खिशातली घराची किल्ली काढायची, तिच्या जाड बाजूने गिलाव्यावर टकटक करायचं आणि कान जवळ नेऊन ऐकायचं. भरीव आवाज आला की किल्ली परत खिशात. पोकळ आला की मान थोडी हलवायची आणि वीतभर बाजूला पुन्हा ठोकायचं. नोकरीत असताना हे त्यांचं कामच होतं. ग्रामपंचायतींचे हिशेब तपासणाऱ्या सरकारी कार्यालयात ते लेखापरीक्षक होते. केंद्राचा जो निधी वित्त आयोगाच्या नावाने गावांपर्यंत येतो, तो गावाने कशावर खर्च केला, कागदावर दाखवलेली गटारं आणि टाक्या जमिनीवर आहेत का, हे बघत ते महाड आणि पोलादपूर तालुक्यांत फिरायचे. पण सवय नोकरीपुरती राहिली नाही. भाच्याच्या लग्नात त्यांनी मंगल कार्यालयाचा खांब ठोकला, आणि मुलीकडची माणसं बघत राहिली. मी डोळ्यांनी दटावलं तर म्हणाले, "चांगला आहे." जणू मी खांबाची चौकशी केली होती.

भिंतीखालोखाल त्यांचं लक्ष असायचं ते फलकावर. अशा प्रत्येक कामावर ग्रामपंचायतीने फलक लावायचा असतो: कोणत्या योजनेतून, कोणत्या वर्षी, किती खर्च. लोक त्याच्याकडे बघत नाहीत. निवडणुकीची पत्रकं चिकटवायला तो बरा पडतो. हे मात्र थांबून पूर्ण वाचायचे. एकदा सुट्टीत आम्ही पाचाडला गेलो होतो. खानावळीत भाकरी पुढ्यात आली आणि हे रस्त्यापलीकडच्या एसटी थांब्यावरचा फलक वाचायला उठून गेले. परत आले तोवर भाकरी गार झाली होती. मी ताट त्यांच्याकडे सरकवलं तर म्हणाले, "पैसा दिल्लीहून निघतो, मुंबईत थांबतो, अलिबागला थांबतो, मग इथं पोचतो. एवढ्या लांबून आलेल्याचं नाव तरी दारावर लावावं की नाही?"

आणि एका गोष्टीचा त्यांना मनापासून कंटाळा होता. आमच्याकडे गावोगावी बाकडी, पाणपोया, सभामंडपाच्या पायऱ्या, सगळीकडे संगमरवराचे दगड बसवलेले असतात. अमक्याच्या स्मरणार्थ, तमक्याकडून सप्रेम भेट. हे अशा बाकड्यावर बसायचे नाहीत. "कुणाच्या तरी आजोबांच्या मांडीवर बसल्यासारखं वाटतं," म्हणायचे, आणि शेजारच्या कठड्यावर टेकायचे.

हे आता लिहिताना मला हसू येतं. ते गेले त्या मार्गशीर्षात आणि त्यानंतर कितीतरी दिवस, यातलं काहीही आठवलं की हातातलं काम तसंच राहायचं. मी शाळेत मराठी शिकवत असे. निवृत्त होऊन वाचनात रमले होते. महाडच्या आमच्या घरात पुरानंतर सगळी पुस्तकं वरच्या फळ्यांवर गेली आहेत आणि ती काढून द्यायचं काम ह्यांचं होतं. ते गेल्यावर मी खालच्या फळीवर जे हाताला येईल तेच वाचत राहिले. घराच्या दोन किल्ल्यांपैकी माझी मी शेजारणीकडे ठेवली आणि ह्यांची स्वतःच्या पर्समध्ये टाकली.

ह्यांचं मूळ गाव म्हणजे पोलादपूरहून कुडपणकडे चढत जाणाऱ्या रस्त्यावरची एक छोटी वाडी. वाडीच्या खालच्या अंगाला बारमाही झरा आहे. बायका तिथून पाणी भरतात, पण चैत्रानंतर झऱ्याशी चिखल आणि गुरं, आणि हंडा भरायला वाटीने पाणी घ्यावं लागायचं. निवृत्तीनंतर हे वाडीच्या ग्रामसभेला जाऊ लागले. इतकी वर्षं ते दुसऱ्यांच्या ग्रामसभांची इतिवृत्तं तपासत आले होते. आता स्वतः सतरंजीवर बसून हात वर करायचे. वित्त आयोगाचा काही भाग पाण्यासाठीच खर्च करायचा असतो, तेव्हा झऱ्याला बांध, टाकी आणि धुण्याचा कट्टा आराखड्यात घ्या, असा त्यांनी धोशा लावला. घेतलाही गेला. काम सुरू झालं तेव्हा ते रुग्णालयात होते. पूर्ण झालं तेव्हा नव्हते.

मे महिन्यात ह्यांच्या चुलतभावाचा, माझ्या दिरांचा, फोन आला. "वयनी, झऱ्याचं काम झक्कास झालंय. मुंबईकर समदे आल्यात. तुमी येयाच पायजे, मी जीप पाठवतो."

मी गेले. वाडीतले निम्मे लोक मुंबईला असतात आणि त्यांचं तिथं मंडळ आहे. गावातलं काहीही मंडळाशिवाय होत नाही. मंडळाचे अध्यक्ष, नवी पैठणी नेसलेली त्यांची बायको, पोरंटोरं, सगळे झऱ्याशी जमले होते. टाकीच्या दर्शनी भिंतीवर टॉवेलाएवढा लाल कपडा लावला होता. तो मला ओढायला सांगितला. खाली पांढराशुभ्र दगड होता, आणि त्यावर काळ्या अक्षरांत ह्यांचं पूर्ण नाव. नावाआधी 'कै.'. त्या नावाला ही दोन अक्षरं लागलेली मी पहिल्यांदाच बघत होते. मृत्यूच्या दाखल्यावर ती नसतात.

मला रडू आवरेना. बायकांनी मला कट्ट्यावर बसवलं, पाणी दिलं. ते त्याच टाकीतलं होतं. घरी येताना जीपमध्ये मी पुन्हा पुन्हा त्या दगडाचाच विचार करत होते. महाडच्या घरावर माझ्या सासऱ्यांची पाटी आहे, ती आम्ही कधी बदलली नव्हती. म्हणजे घराबाहेर, ऊनपावसात, चारचौघांना दिसेल असं ह्यांचं नाव जगात आता एकाच ठिकाणी होतं. त्या उन्हाळ्यात मला पहिल्यांदा बरी झोप लागायला लागली. मी शेजारच्या मुलाला शिडीवर चढवून वरच्या फळीवरची पुस्तकंही काढून घेतली.

वर्षश्राद्ध वाडीवरच करायचं ठरलं, म्हणून मार्गशीर्षात मी तिथं राहायला गेले. एका सकाळी दिरांच्या ओटीवर तांदूळ निवडत बसले होते, तर ग्रामसेविका आली. तिच्याकडे आणखी एका पंचायतीचा भार आहे, त्यामुळे ती कायम कुठून तरी निघालेली किंवा कुठंतरी पोचायची राहिलेली असते. घाटावरची मुलगी, स्कूटर रस्त्याच्या टोकाला लावून चालत आलेली. तिच्या मागून लेखापरीक्षक येत होता, स्थळपाहणीसाठी. म्हणजे झालेलं काम प्रत्यक्ष बघायला.

त्याला बघून मी उठलेच. ह्यांच्या हाताखाली तो नोकरीला लागला होता, आमच्याकडे जेवलेला होता. आता कानशिलावर पांढरे केस होते.

"वहिनी, तुम्ही इथं?" म्हणाला. मग नमस्कार केला. चहाचं विचारलं तर हसला. "सरांनी शिकवलंय ना. ज्या गावाची तपासणी, तिथं पाणीसुद्धा आपल्या बाटलीतलं."

आम्ही सगळे झऱ्यावर उतरलो. दीर, मी, ह्यांच्या म्हाताऱ्या काकी, ज्यांना कुणी बोलावलं नव्हतं पण ज्यांच्याशिवाय वाडीत काही घडत नाही, आणि घरची दोनचार माणसं. त्याने टेप काढून बांध मोजला, कट्टा मोजला. मग खिशातून किल्ली काढली आणि गिलाव्यावर टकटक करून कान लावला. मी दुसरीकडे बघितलं.

"काम चांगलं आहे," तो म्हणाला. ग्रामसेविकेचा चेहरा उजळला. मग तो दर्शनी भिंतीकडे वळला, आणि दगड वाचता वाचता तिथंच थांबला.

मीही पहिल्यांदाच तो सगळा वाचला. मे महिन्यात मी नावाच्या खाली गेलेच नव्हते. नावाखाली लहान अक्षरांत होतं: 'यांच्या स्मरणार्थ सदर टाकी, बांध व कट्टा ग्रामस्थ व मुंबई मंडळ यांजकडून सप्रेम भेट.'

"हे कुणी लिहिलं?" त्याने विचारलं.

दीर पुढे झाले. "मुंबयच्या दगडवाल्यानं. मंडळानं सांगितलं, नेमीसारखा बनव. त्याला आमचा मजकूर पाठ हाय. आमी फक्त नाव धाडलं."

"दादा, दगड मंडळाने दिला असेल. टाकी कुठं मंडळाने दिली? ती केंद्राच्या निधीतून झाली ना?"

"तसं नाय काय. ती सरकारचीच."

"मग दगड काय सांगतोय? टाकी लोकांनी भेट दिली. आणि ह्या मॅडम कागदावर सांगतायत की निधीतून बांधली. मी यातलं खरं कुठलं धरू? एकच काम दोन ठिकाणी दाखवून पैसे उचलल्याची प्रकरणं अशाच दगडांवरून निघतात."

"सायेब, काम बगा ना! दगडाला काय बगताव?"

"पंचायतीचा फलक कुठाय?"

दिरांनी डोकं खाजवलं. ग्रामसेविका म्हणाली, "सर, मी लावून घेतला होता. पत्र्याचा होता. शेवटचा फोटो काढायला आले तर हा दगड. यांना म्हटलं फलक परत लावा, तर म्हणतात बघू. फोटो राहिलाच."

"हाय की फलक," काकी म्हणाल्या. "कुटं जातोय? आमच्या खुराड्याला हाय."

तो खरंच खुराड्याला होता. दार मोडलं होतं म्हणून दिरांनी तोच पत्रा आडवा लावला होता, अक्षरं आतल्या बाजूला. लेखापरीक्षकाने वाकून आत डोकावलं, आणि एक कोंबडी ओरडत बाहेर आली.

"वाचाया येतंय का रे बाबा?" काकींनी विचारलं. "आमच्या कोंबड्यांना तोंडपाठ झालं आसंल. आता त्यांचं बी ऑडिट कर."

सगळे हसले, तोही हसला. एकटी ग्रामसेविका हसली नाही. तिचा प्रश्न साधा होता. तपासणीत आक्षेप लागला आणि मिटला नाही, तर तो खर्च तिच्या पगारातून वसूल होऊ शकतो. तिने काहीच चुकीचं केलं नव्हतं. वाडीनेही तसं काही वाईट केलं नव्हतं. आपला माणूस गेला, त्याने पाणी आणलं, त्याचं नाव लावलं. नाव लावायचं म्हटलं की आमच्याकडे एकच मजकूर येतो.

आम्ही पुन्हा झऱ्यावर आलो. लेखापरीक्षक माझ्याजवळ येऊन हळू बोलला. "वहिनी, मी मार्ग काढतो. खालची ओळ कटरने घासून घ्या. नाव राहू दे. शेजारी फलक लावा. कामाला नाव द्यायला ग्रामसभेचा ठराव लागतो, तो पुढच्या सभेत करून घ्या. मी पूर्तता झाल्याचं लिहून घेईन. सरांच्या नावाखाली आक्षेप लिहायचा... माझा हात नाही धजणार."

दिरांनी ते ऐकलंच. "झालं तर मंग! वयनी, ठराव तर सगळी वाडी करंल. हात न्हाय, पाय बी वर करंल."

सगळे माझ्याकडे बघत होते. मला फक्त 'बरं' म्हणायचं होतं. आणि मला ते म्हणायचं होतं. ते नाव तिथं राहावं यापलीकडे मला त्या क्षणी काही नको होतं. नियमाने बसत होतं, ग्रामसेविका सुटत होती, कुणाचं काही जात नव्हतं.

तेवढ्यात वरच्या घरातली नवी सून हंडा घेऊन खाली आली. आम्हाला बघून तिने पदर सारखा केला, बाजूने टाकीशी गेली. हंडा नळाखाली लावण्याआधी तिने दगडावरच्या अक्षरांना बोटं लावली आणि ती कपाळाला टेकवली. देवळात शिरताना पायरीला लावतात तशी. मग तोटी सोडली.

"हे रोज करतेस?" मी तिला विचारलं.

ती गोंधळली. "सगळ्याच करतात. आत्यांनी सांगितलंय, यांनी पाणी दिलं आपल्याला."

मला एकदम ह्यांचा चेहरा दिसला, बाकड्यापासून दोन पावलं दूर उभा. पाणी ह्यांनी दिलं नव्हतं. ते तिचं होतं, तिच्या नावाने दिल्लीहून आलेल्या पैशातलं, आणि हे फक्त सतरंजीवर बसून तेवढंच म्हणत राहिले होते. उद्या टाकी फुटली, तोटी गेली, तर ही मुलगी ग्रामसभेत उठून विचारेल का? दान मिळालेल्या टाकीबद्दल कोण विचारतं? खालची ओळ घासली तरी वरचं नाव तेच सांगत राहिलं असतं.

"ओळ नको घासायला," मी म्हणाले. "दगडच काढा."

दीर उसळले. "काय बोलताव वयनी! मंडळाला काय सांगू मी? तुमच्या हातानं उघडलाय तो!"

"हो. माझ्या हाताने उघडलाय, म्हणून मीच सांगते. मंडळाला माझं नाव सांगा."

"त्यांचं नाव पुसायचं?"

लेखापरीक्षक खाली बघत होता. ग्रामसेविकेने माझा हात धरला आणि लगेच सोडला, तपासणीच्या जागी असं करावं की नाही हे न कळून.

काकी मात्र दगडाशी गेल्या होत्या. कडेला नख घालून बघत होत्या. "एवढा मोटा दगड, मुंबयवरून आनलेला. फेकताव कशाला? पाठ कोरी हाय ना त्याची? पाठीवर लिवा तुमचं सरकारी काय ते. पत्र्यापरीस बरं. कोंबड्यांना बी दार ऱ्हाईल."

दिरांनी घरच्या एका पोराला गवंड्याकडे पिटाळलं, आणि ते ठरून गेलं.

गवंडी वाडीतलाच होता. दुपारी त्याने छिन्नीने कडा सोडवून दगड उतरवला. मागची बाजू फार गुळगुळीत नव्हती, पण सपाट होती. शाळेतल्या रंगाचा डबा आणि ब्रश आणले. मजकूर ग्रामसेविकेने सांगितला आणि दगडावर मी लिहिला. शाळेत फळ्यावर सुविचार लिहायची मला सवय होती. ओळ सरळ आली. योजनेचं नाव, वर्ष, कामाचं नाव, मंजूर रक्कम, झालेला खर्च, ग्रामपंचायत. लिहिताना माझ्या लक्षात आलं की ह्यांनी आयुष्यभर वाचला तो मजकूर मी पहिल्यांदाच हाताने लिहीत होते.

रंग वाळल्यावर गवंड्याने भिंतीवर माल थापला. दगड उचलला आणि थांबला. नावाची बाजू त्याच्याकडे होती.

"वयनी, मधी प्लास्टिकचा कागद घालू? म्हंजे नावाला सिमेट लागणार नाय. उद्या कवा काढायचं झालं तर नाव जसंच्या तसं निगंल."

ते त्याने इतक्या हळुवारपणे विचारलं की मी जवळजवळ हो म्हणाले. त्या कागदाचं मला फार मोल वाटलं. त्या मागे नाव राहिलं असतं, स्वच्छ, कधीतरी काढता येईल असं.

"कागद घातला तर मागे पोकळ राहील ना?" मी विचारलं.

"थोडं राहील. दिसनार नाय कुणाला."

"दिसणार नाही. पण वाजेल."

लेखापरीक्षकाने मान वर केली.

"नको घालू," मी म्हणाले. "सगळा माल भर. अक्षरांतसुद्धा."

त्याने थापीने नावावर माल पसरला. आधी 'कै.' गेलं. मग एकेक अक्षर. मी शेवटपर्यंत बघितलं. मग त्याने आणि घरच्या एका पोराने दगड उचलून भिंतीला लावला, लाकडी ठोकळ्याने हलके ठोकून बसवला, कडेने बाहेर आलेला माल बोटाने पुसला. ग्रामसेविकेने समोर उभं राहून फोटो काढला. रेंज नव्हती, तेव्हा तो पाठवायला ती रस्त्यापर्यंत चढून गेली. लेखापरीक्षकही निघाला. जाताना त्याने आपल्या बाटलीतलं उरलेलं पाणी प्यायलं आणि रिकामी बाटली बॅगेत ठेवली. "येतो वहिनी," एवढंच म्हणाला.

श्राद्ध दोन दिवसांनी झालं. दीर त्या दोन दिवसांत माझ्याशी कमी बोलले, पण श्राद्धाच्या पानासाठी त्यांनी ह्यांच्या आवडीची वालाची उसळ आठवणीने करायला लावली. जेवणं उरकल्यावर मी एकटीच झऱ्यावर गेले. ती नवी सून धुणं धूत होती. हंडा भरायला तिने तोटी सोडली, हात पुढे केला आणि अक्षरं बदललेली बघून मागे घेतला. मग वाकून वाचू लागली, बोट ओळीखाली सरकवत.

"यात लिहिलंय तेवढा खर्च झाला?" तिने विचारलं.

"हो."

"मग तोटी एकच का लावली?"

"पुढच्या ग्रामसभेत विचार," मी म्हणाले.

ती हंडा घेऊन गेली. धुण्याचं पाणी कट्ट्यावरून निथळत होतं. मी पर्स उघडली, ह्यांची किल्ली काढली आणि जाड बाजूने दगडावर ठोकलं. टकटक. वीतभर बाजूला पुन्हा ठोकलं, नाव जिथं असेल असं मला वाटत होतं तिथं. कान लावला. आवाज सगळीकडे सारखा होता, भरीव.

किल्ली पर्समध्ये टाकून मी वर चढून आले.